विजेत्यांचा फोटो

ग्रेग हॉलिसने दोरी ओढली आणि फोटोवरचा पडदा बाजूला झाला. तो कॉलेजच्या खेळ विभागाचा प्रमुख. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या अर्लीन मोस्बीने चष्मा पुसून पाहिलं. १९४७ चा सगळा फुटबॉल संघ ताडाच्या झाडांपुढे ओळीने उभा होता. आणि त्या ओळीत तिचा भाऊ वेंडेल होता, हसत.

कॉलेज उत्तरेतलं, ओहायोतलं; तिथे ताडाची झाडं नसतात. हा फोटो दक्षिणेतला, नववर्षाच्या सामन्यानंतरचा. वेंडेल यात असणं शक्यच नव्हतं.

त्या मोसमात संघ एकही सामना हरला नव्हता. तेव्हा देशाचा विजेता ठरवायला अंतिम सामना नसे. वर्तमानपत्रवाले आणि क्रमवारी लावणारे आपापला अव्वल संघ जाहीर करत, त्यामुळे एकाच वर्षाचे दोन-तीन विजेते निघत. परवा कॉलेजला कुठलीशी जुनी क्रमवारी सापडली, तिच्यात आपण पहिले आहोत म्हणे. मग काय, सत्तर वर्षांनी विजेतेपद वाजतगाजत मैदानाच्या भिंतीवर चढलं.

दक्षिणेतल्या यजमानांची अट होती, काळा खेळाडू आणायचा नाही. संघ गेला. वेंडेल आईच्या स्वयंपाकघरात रेडिओला कान लावून बसला आणि आपला संघ जिंकल्यावर उठून कोळसा आणायला गेला. पुढे मरेपर्यंत त्याने तो फोटो घरात येऊ दिला नाही.

"कसा वाटला, मिस मोस्बी?" हॉलिसने वाकून, विजेत्या खेळाडूंना देतात त्या अंगठीची मखमली डबी तिच्या हातात ठेवली. "वेंडेलना दुसऱ्या फोटोतून उचललं आणि संगणकावर इथे बसवलं. कळतसुद्धा नाही, बघा."

"नाहीच कळत. म्हणून तर म्हणते, काढा त्याला तिथून."

"काढू?"

"अंगठी नेते मी. ती त्याच्या घामाची आहे. पण तुम्ही त्याला नेलं नव्हतंत, बाळा. आता नेलं होतं असं दाखवू नका."

हॉलिसचा चेहरा उतरला. बिचारा चांगलं करायला गेला होता. "पण मिस मोस्बी, एवढे पाहुणे आलेत…"

"येऊ देत की. त्याची जागा रिकामी दिसू दे त्यांना. विचारू देत, इथे कोण होतं म्हणून."

शेजारी चाकाच्या खुर्चीत स्टॅन्ली कोवॅच होता. त्या संघातला आता तो एकटाच उरला होता. फोटोत वेंडेलच्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला पोरगा तोच.

"रिकामी जागा नव्हती, अर्लीन," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ही मधली जागा यांनी केलीय, आम्हाला बाजूला सारून." म्हातारा फोटोकडेच बघत होता. "त्या दिवशी फोटोवाला म्हणाला, पोरांनो, जरा जवळ सरका. आम्ही सरकलो."