पूर्वजांची प्रार्थना

पेरूच्या डोंगरातून राजधानी लिमाला आलेल्या एलेउतेरियोंच्या घरात मुलांनी क्वेचुआचा, म्हणजे आपल्या डोंगरी मातृभाषेचा, एक शब्द काढला, की थोबाडीत बसायची. "स्पॅनिश बोला, माणसात या!"

शेवटच्या आजारात मात्र त्यांचीच स्पॅनिश पार पुसली गेली आणि सकाळपासून ते क्वेचुआतच काहीतरी पुटपुटत होते. वकील झालेला त्यांचा मुलगा विल्फ्रेदो उशाशी बसून ते सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करत होता.

"पूर्वजांची प्रार्थना दिसतेय," तो गहिवरून बायकोला म्हणाला. "काय गोडवा आहे गं आपल्या भाषेत!"

दुपारी गावाहून आत्या पोचली. भावाच्या तोंडाशी कान नेऊन तिने क्षणभर ऐकलं आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये भाच्यावर कडाडली,

"अरे गाढवा, पाणी मागतोय तो!"