थयथयाट

कंप्रेसरवर निम्म्याहून जास्त लोड आला की आतला रोटर थयथयाट करायचा. दोनदा चाचणी फसली आणि दोन्ही वेळा चाचणी विभागाच्या साहेबांनीच धावत जाऊन मशीन बंद केलं.

"दोष बेअरिंगचा नाही, साहेब," नवी इंजिनिअर म्हणाली. "शाफ्टभोवतीच्या फटीतून निसटणारी हवा गरगरते आणि रोटरला आपल्याबरोबर ओढते."

हवेची गरगर थांबावी म्हणून तिनं फटीच्या तोंडाशी बारीक पाती बसवली. आज पुन्हा रोटर हादरला असता, तर तिचं डिझाइनच मोडीत निघालं असतं.

मशीन सुरू झालं. साहेबांचा पडद्यावरच्या आकड्यांवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी टेबलावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि त्याच्यावर नजर खिळवून बसले. पाणी ढिम्म हलेना. शेवटी त्यांचा धीर सुटला.

"अगं पोरी, किती वेळ जीव टांगणीला लावशील? काय व्हायचं ते होऊ दे, चढव एकदाचा लोड!"

मागे उभी असलेली मंडळी तोंड दाबून हसू लागली. इंजिनिअरलाही हसू आवरेना.

"साहेब, फुल लोडवर येऊन बराच वेळ झाला."