भोंग्याचं स्टेशन

"मास्तर, आला! तुमच्या लेकाचा देश आला!" घड्याळांसोबत संगणकही दुरुस्त करणारा घड्याळजी दार न वाजवताच आत शिरला.

मास्तरांच्या हातातला कप बशीत कलंडला. "काय सांगतोस! कधी?"

"आज सकाळीच. संगणकावरच्या आगगाडीच्या खेळात नवे मार्ग आलेत. दर महिन्याला माझ्या दुकानात येऊन विचारायचात ना, यादीत तो देश आहे का म्हणून? घ्या आता!"

आतून मास्तरीणबाई भिंत चाचपत लगबगीने आल्या. "मग भोंगा राहतो ते गावही असेल?"

"गावच काय वहिनी, घरन् घर असतं. फोटो काढून बनवतात."

"आपला संगणक जुना आहे," मास्तर म्हणाले. "झेपायचं नाही त्याला."

"तुम्ही नुसते बघत बसा." घड्याळजीने खुर्ची ओढली आणि सगळं बसवून देऊनच उठला. "चला, दुकान उघडायचंय. वहिनी, लेकाकडे जाऊन या. पासपोर्टसुद्धा लागणार नाही!"

भोंगा म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. लहानपणी दिवसभर तोंडाने इंजिनाचा भोंगा वाजवायचा, म्हणून मास्तरांनीच ठेवलेलं नाव. परदेशातल्या कारखान्यातून असं तातडीचं बोलावणं आलं की पोराला आईच्या पाया पडायलाही सवड मिळाली नाही, असं बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यांची नजर तेव्हाच अधू झाली होती. आता उजेड आणि ढोबळ रंग, एवढंच कळे.

संध्याकाळी मास्तर पडद्यावर गाडी चालवत आणि बाई शेजारी विणत बसत. मास्तर वर्गात शिकवावं तसं सावकाश सांगत, "आता बोगदा येईल. हा संपला. खाली नदी आहे, गढूळ पाण्याची." खेळातले सगळे देश दोघांनी असे पालथे घातले होते. तेवढा एकच राहिला होता.

"भोंग्याचा फोन आला की मगच गाडी सोडायची," बाई म्हणाल्या. रविवार होता, फोन दर रविवारीच येई. मांडीवर राखाडी स्वेटर होता. "आणि काय हो, हा बिनबटणाचा का विणायला लावलात? गळ्यातून वारं नाही का शिरणार पोराला?"

"तिकडे असेच घालतात."

"तिकडची माणसंच मुलखावेगळी!"

फोन वाजला. मास्तरांनी दोघांना ऐकू येईल असा तो टेबलावर ठेवला.

"भोंग्या, आम्ही तुझ्याकडे निघालोय! गाडीने!"

"म्हणजे काय, आई?"

"खेळात तुझा देश आलाय," मास्तर म्हणाले.

पलीकडे घंटा वाजली.

"सुट्टीच्या दिवशी कसली रे घंटा?"

"पाळी बदलते, आई."

गाडी निघाली. मास्तरांनी बर्फ सांगितला, पाइनची झाडं सांगितली, रुळाकडेची लाकडाची वखार सांगितली. मग वेग उतरत गेला. ब्रेक कुरकुरला.

"आलं?" बाईंच्या सुया थांबल्या.

"आलं."

"घर दिसतंय?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दिसतंय की. फलाटाच्या मागेच. पिवळ्या भिंती. खाली पावाचं दुकान."

"जिना बाहेरून आहे ना? तो म्हणाला होता."

"बाहेरूनच. लाकडी."

"आणि कुंड्या?"

"खिडकीत आहेत. एकीला लाल फूल आलंय."

बाई पुढे वाकल्या, अगदी पडद्याला नाक लागेल इतक्या. "मला पिवळं काही दिसत नाही हो. सगळं निळंच वाटतंय."

"तिन्हीसांज झालीय तिथे."

"असं होय." त्यांनी पडद्यावरून हळूच हात फिरवला, पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "चांगलं आहे रे घर तुझं, भोंग्या. फुलाला पाणी घालत जा." मग डोळे पुसत त्या उठल्या. "चहा टाकते. आज गोड करते जरा."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं तेव्हा मास्तरांनी फोन उचलून कानाला लावला.

"बाबा," मुलाने विचारलं, "खरंच घर आहे तिथे?"

"दोन्ही बाजूंना समुद्र आहे, भोंग्या. एक झोपडीसुद्धा नाही." मास्तर दाराकडे बघत हळू बोलत होते. "खेळात नाही म्हणून तर हा देश निवडला होता आपण. नकाशावर तुझ्या गावासाठी बोट ठेवताना समुद्र तेवढा बघायचा राहिला."

"आईला कळलं?"

"अजून नाही. ऐक, उद्या भेटीचा वार आहे, मी येतोय. मागच्या स्वेटरची बटणं फाटकावरच्या पहारेकऱ्याने कापून घेतली होती ना? या वेळचा बिनबटणाचा आहे. हा आहे तसा तुझ्या कोठडीपर्यंत पोचेल."