हललेला फोटो

वळसंगपासून मोडनिंबपर्यंत लग्नाचे फोटो काढणाऱ्या जोतिरामची एकच फुशारकी होती. नवरी सासरी निघताना त्यानं कधी कुणाला "परत एकदा" म्हटलं नव्हतं. भोवती सगळे रडत असले तरी त्याचा हात हलायचा नाही.

आज त्याची स्वतःची लेक श्रावणी शिकायला जर्मनीला निघाली होती. रिक्षा दारात उभी होती. विजयमालानं लेकीच्या तळहातावर दही घातलं. तिनं ते चाटलं, आईच्या पाया पडली आणि बॅग उचलून पायरी उतरली.

"हलला की गं फोटो," जोतिराम म्हणाला. "परत एकदा ये बरं आत."

विजयमाला चिडली. "निघालेल्या माणसाला कुणी मागं बोलावतंय व्हय? काय कळतंय का न्हाय तुमाला?"

पण श्रावणी हसत आत आली. पुन्हा दही, पुन्हा पाया पडणं. तोही फोटो हलला म्हणे, मग त्याच्या पुढचाही. शेवटी वाटीतलं दही संपलं आणि रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. तेव्हा कॅमेरा डोळ्यावरून न काढताच जोतिराम म्हणाला, "आला, आला. झकास आलाय. जा आता."

संध्याकाळी विजयमाला कॅमेरा घेऊन एकेक फोटो बघत बसली. सगळे लख्ख आले होते. लेकीच्या ओठावरचं दहीसुद्धा दिसत होतं.



हलला होता तो फक्त शेवटचा, झकास आलेला.