दाराशी लावलेला ताड

आमची मनू जन्मली तेव्हा ह्यांनी मुंबईहून शोभेचा ताड आणून रावेरच्या अंगणात लावला. हे केळीवाले, त्यांना धीर कुठला! "केळ महिन्याला चार पानं काढते, अन् हा लाटसाहेब वर्षाला दोन!" मनू रोज त्याला पाठ लावून उंची मोजे, अन् टाळ्या पिटे.

चौथ्या वर्षी तापाच्या साथीत मनू गेली. सुतकातच सासूबाई मला म्हणाल्या, "रडू नोको वं. केळीचं खोड कापलं का बुडातून पिल्लं येतातच."

मनूच्या खांद्याएवढा तो ताड ह्यांना बघवेना. नवा फुटेल म्हणून त्यांनी तो बुडाशी कापला, अन् रोज पाणी घालत राहिले.

वर्ष सरलं. आज मी पुन्हा बाजूला बसले, तशा सासूबाई ओट्यावरून कडाडल्या, "याही महिन्यात काही नाही?"

हे त्या वाळल्या खुंटाशी बसले होते. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"याले पिल्लं येत नाहीत, माय. म्याच कापला. तिले नोको इचारू."