पाटी

"आबा, या फेरीत पोरगं तुमचा विक्रम मोडतंय बघा," घड्याळावर नजर ठेवून मेकॅनिक म्हणाला.

आबांनी तरुणपणी याच ट्रॅकवर मारलेल्या फेरीइतकी वेगवान फेरी आजवर कुणाला जमली नव्हती. त्यांचा मुलगा रणधीर तर शर्यतीतही सगळ्यांच्या पुढेच होता.

मोटरसायकलवर बसलेल्याला ट्रॅकच्या कडेने दाखवलेली पाटी सांगेल तेच खरं, आणि लेकाची पाटी कायम आबाच धरत. त्यांनी खडूने 'इंजिनात धूर, हळू' लिहिलं आणि पाटी उंचावली. रणधीरने वेग सोडला. मागचा पुढे जाऊन जिंकला.

"धूर कशाचा होता?" उतरल्यावर रणधीरने विचारलं.

"कसला धूर?" मेकॅनिक म्हणाला.

तेवढ्यात वार्ताहर आबांकडे आला.

"ऐन वेळी कच खाल्ली पोराने," आबा त्याला म्हणाले.

रणधीरने पाटीकडे पाहिलं. आबांनी ती केव्हाच बाहीने पुसली होती.