शंभर तासांनी उघडणारा आवाज

तोकुजीनं कानातले इअरफोन काढले आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, की व्हायोलिनवाल्याच्या बाहीचं बटण तारेला घासलं, तेसुद्धा त्याला ऐकू आलं.

ओळीनं बसलेल्या पुरुषांनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं आणि परत मिटले. अकिहाबारा ह्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारातल्या त्या वरच्या मजल्यावरच्या दुकानात कुणी बोलत नसे. दुपारभर बसा, हवा तो प्लेअर मागा, आपापलं गाणं ऐका, काही न घेता घरी जा, कुणी हटकणार नाही. फक्त तोंड बंद ठेवायचं. तिथली माशीदेखील पंख न वाजवता उडत असणार.

त्याची बायको सुमिए शेजारच्या स्टुलावर मांडीतली पर्स घट्ट धरून बसली होती. पर्समधले पैसे कानाच्या मशीनसाठी काढलेले होते. बाही म्हणे. बटण म्हणे. सकाळी ती घसा फोडून विचारत होती, मासा भाजू का, तर ह्या माणसानं खिडकीबाहेर बघून सांगितलं, की नको, आज छत्री लागणार नाही.

डॉक्टरांनी कानाचं मशीन महिनाभर वापरून बघायला दिलं होतं. तोकुजीनं ते जेवणापर्यंत वापरलं. तिनं मुळा चिरायला घेतला तर म्हणाला, शेजारी घर पाडताहेत. चहा ओतला तर म्हणाला, नळ फुटला. वर त्यात तो म्हातारा दिसतो म्हणे. त्र्याहत्तराव्या वर्षी आणखी काय दिसणार होता कोण जाणे. संध्याकाळी मशीन डबीत, डबी दवाखान्यात. तेव्हापासून सुमिए घरात इतकं ओरडून बोलायची, की खालच्या मजल्यावरच्या बाईंना ह्या दोघांची भांडणं, भाज्या आणि बद्धकोष्ठ सगळं तोंडपाठ झालं होतं. जिन्यात भेटल्या की त्या न विचारता औषध सुचवायच्या.

आणि आता त्याच पैशात ही तळहाताएवढी काळी वीट. जड तर अशी, की खिशात ठेवली तर पँट घोट्यापर्यंत यावी. फोन लावता येत नाही, फोटो काढता येत नाही. नुसती गाणी वाजवते.

काउंटरमागचा विक्रेता नागामिने पांढरे हातमोजे घालून ती वीट तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांनी धरायचा. घाई करू नका, तो हळू आवाजात म्हणाला. नव्या प्लेअरचा आवाज सुरुवातीला आवळलेला असतो. शंभर तास नुसता वाजत ठेवायचा, मग तो उघडतो.

तोकुजीला ते ऐकू गेलं नसणार, पण ठाऊक होतं. मागच्या इअरफोनचा आवाज उघडावा म्हणून त्यानं ते आठवडाभर कपाटात वाजत ठेवले होते. कपाट किरकिरत होतं आणि हा त्याला पाठ लावून गाढ घोरत होता. सुमिएनं त्या आठवड्यात जेवढे तारे मोजले, तेवढे आकाशात नाहीत.

"म्हणजे ह्या विटेला शंभर तास," ती दात आवळून नागामिनेला म्हणाली, "आणि बायकोच्या आवाजाला अर्धा दिवस."

नागामिने हातमोज्यानं विटेवरची नसलेली धूळ पुसू लागला.

"खरं सांगा. ह्यातला आणि साध्या फोनवरच्या गाण्यातला फरक ह्या कानांना कळणार आहे का?"

प्रत्येक ग्राहकाचं समाधान वेगळं असतं, असं काहीसं तो बोलला.

"समाधानाचं नाही विचारलं. कानाचं विचारलं."

नागामिने इतका वाकला, की त्याच्या टायचं टोक काउंटरला टेकलं. तेवढंच त्याचं उत्तर.

बायको विक्रेत्याशी एवढं बोलतेय हे बघून तोकुजीला वाटलं, तिलाही गोडी लागली. त्यानं इअरफोन तिच्या हातात कोंबले. आधी ऐक म्हणाला, मग बोल.

तिनं ते कानात घातले आणि तिच्या डोक्यातून आगगाडी गेली. व्हायोलिन नाही, बाही नाही, बटण तर नाहीच. ते त्यानं मासिकात वाचलं असणार. नुसता कल्लोळ. तिनं ओढून काढले तरी तिच्या मुठीतून तो कर्कश आवाज बाहेर येतच होता. पलीकडच्या माणसानं आपलं स्टूल सरकवून घेतलं. नागामिनेनं विटेच्या पडद्यावरचा आवाजाचा आकडा पाहिला आणि चटकन नजर वळवली.

हा माणूस एवढ्या गोंगाटाला संगीत म्हणत बसला होता. आणि तिचं बोलणं वर्षभर त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, एवढं ओरडूनसुद्धा.

सुमिएचा चेहरा लाल होता, तो हळूहळू पांढरा झाला. तिनं पर्स उघडली, पाकीट काढलं आणि होते ते सगळे पैसे काउंटरवरच्या तबकात ठेवले. नागामिनेनं दोन्ही हातांनी तबक उचललं, बाजूला ठेवलं आणि खोकं बांधायला कागद घेतला.

मग ती नवऱ्याकडे वळली. ओरडली नाही. माणसं घरात बसून एकमेकांशी बोलतात, त्या आवाजात म्हणाली, "अहो, रविवारी मी निइगाताला बहिणीकडे जातेय. परत यायचं की नाही ते तिथे गेल्यावर ठरवीन."

नागामिनेचे हात कागदावर तसेच राहिले. ओळीतल्या एकानं कानातला इअरफोन काढला.

तोकुजी खुशीत तिच्याकडे झुकला.

"तरी मी म्हणत होतो," तो म्हणाला, "एकदा ऐकलंस की तुलाही पटेल."